पुढचे दोन जास्त आहेत

माझ्या नाकावर राग असतो, असं घरचे म्हणतात. असेल. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासत बसणाऱ्या बाईच्या नाकावर दुसरं काय असणार? प्लास्टिकचा भुगा आणि राग, दोन्ही असतात.

मी कवळ्या बनवते. ताईचे यजमान दातांचे डॉक्टर. पुढच्या खोलीत भावजींची खुर्ची, मधल्या खोलीत पेशंटची बाकडी आणि ताईचं टेबल, मागच्या खोलीत मी, माझं घासायचं मशीन आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. भावजी तोंडाचं माप घेतात. त्यावरून मी साचा काढते, साच्यावर मेण चढवते, मेणात दात बसवते. पेशंटने ते मेणाचं तोंडात घालून बोलून दाखवायचं. 'चमचा' म्हणा, 'चिमटा' म्हणा. दोन्हींतला च वेगळा, एकाला जीभ दातांच्या मुळाशी लागते, दुसऱ्याला जरा मागे. एक जरी फसफसला तरी दात हलवायचा. सगळं जमलं की मेणाच्या जागी हिरडीच्या रंगाचं प्लास्टिक येतं. या कामात मला आजवर कोणी नावं ठेवलेली नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी अब्रू फारशी शिल्लक राहत नाही.

दुसरं म्हणजे मी गोष्टी लिहिते. मासिकांना पाठवते. त्या परत येतात. पाकीट आलं की ताई मधल्या खोलीतूनच ओरडते, "अगं, तुझी लेक आली बघ परत माहेरी." बाकड्यावरचे पेशंट सुजलेल्या गालांनीसुद्धा हसतात. मी पाकीट घेते, दार लावते आणि मशीन सुरू करते.

माझ्या लेखी लिहिणारी बाई जगात एकच. आम्ही सगळे वाचक त्यांना नुसतं 'बाई' म्हणतो. त्यांची पानंच्या पानं मला पाठ आहेत. कवळी घासताना मी ती मनात म्हणते आणि मशीन त्या लयीत चालतं. त्यांच्या पुस्तकात कोणी रडत नाही, आणि मी मात्र तोंडाला बांधलेल्या फडक्याआड घळाघळा रडत असते. हे कसं करतात, ते मला शिकायचं होतं. त्यांना पत्र लिहायची हिंमत नव्हती. त्यांच्या घरावरून उगाच दोनदा-तीनदा चालत गेले होते, एवढंच.

एक दिवस ताई मागच्या खोलीत आली आणि दार लावून घेऊन म्हणाली, "तुझी देवी बाहेर बसलीय. दात नाहीत तिला."

मी डोकावून पाहिलं. बाकड्याच्या टोकाला बाई बसल्या होत्या, तोंडावर रुमाल दाबून. जुनी कवळी धुताना हातातून निसटून मोरीत फुटली होती. ताईशी त्या अक्षरही बोलल्या नाहीत, आमच्याच कार्डाच्या मागे लिहून दिलं. पुस्तकावरच्या फोटोत ताठ मान करून बघणारी बाई, आणि इथे रुमालाआड चोरासारखी बसलेली. मला इतकं कसंनुसं झालं की मी पटकन दार लोटून घेतलं.

भावजींनी माप घेतलं. मग मला बोलावलं. बिनदातांचं बोलणं मला कळतं, सगळा जन्म त्यात गेलाय. लोक अशा माणसापुढे उगाच मान हलवत बसतात, मला शब्द न् शब्द समजतो. ते पाहून बाईंनी रुमाल जरा खाली घेतला.

"पुढच्या महिन्यात सत्कार आहे माझा," त्या म्हणाल्या. "हार घालून घ्यायला दात नसले तरी चालतील. पण मला एक पान वाचायचंय. नवीन पुस्तकातलं. यानंतर काही मी लिहीन असं वाटत नाही. तेवढं एक पान नीट वाचता आलं पाहिजे."

"येईल, बाई," मी म्हटलं. "माझा शब्द."

मोठी आलीय शब्द देणारी. पण तेव्हा मला तसं वाटलं होतं, अगदी आतून वाटलं होतं.

मेणाचे दात मी जीव ओतून लावले. बाई आल्या, दात तोंडात घातले आणि म्हणाल्या, "चमचा. चिमटा. साखर. फाटक." सगळं स्वच्छ. शिट्टी नाही, फसफस नाही. भावजी माझ्याकडे बघून हसले, म्हणजे माझं काम झालं होतं. ते पुढच्या पेशंटकडे वळले.

इथेच मी थांबायला हवं होतं. पण शेवटी आम्ही पेशंटला सलग काहीतरी वाचायला देतो. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं ठेवलेली असतात. आणि माझ्या ॲप्रनच्या खिशात माझी गोष्ट होती. सकाळपासून होती. ती तिथे आपोआप आली असं मी म्हणणार नाही.

"हे वाचा, बाई," मी म्हटलं. "यात सगळी अक्षरं येतात."

बाईंनी कागद हातात घेतले. वरून खाली एकदा नजर फिरवली. "कोणी लिहिलंय?"

"माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत."

का बोलले तसं? हिशेब सरळ होता. बाई नाक मुरडतील तर ते त्या ओळखीच्या बाईच्या पदरात पडेल. वाहवा करतील तर मी हळूच म्हणेन, ती मीच. मनातून मी दुसरंच होणार असं धरून चालले होते. वाहवा घेताना चेहरा कसा ठेवायचा, याची आरशासमोर तयारीही झाली होती.

गोष्ट बसची वाट बघणाऱ्या एका बाईची होती. तिचं पहिलं वाक्य इथे देते. देताना कानशिलं तापतात, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. 'सांजसमयीच्या सोनेरी, स्वप्नील संधिप्रकाशात स्वतःच्याच सावलीशी संवाद साधत ती जणू शतकानुशतकांच्या शोकाची शिल्पाकृती होऊन स्तब्ध उभी होती.'

या वाक्याला मी दोन रविवार घालवले होते.

बाई 'स्वप्नील'पाशी अडखळल्या. परत सुरुवात केली, 'संधिप्रकाशा'त परत अडखळल्या. बारीक शिट्टीही ऐकू आली. माझे कान टवकारले. त्यांनी कागद खाली ठेवला, विचार केला आणि म्हणाल्या, "पुढचे दोन जास्त आहेत."

"जास्त म्हणजे?"

"नको आहेत तिथे. मधे येतात."

मी पाहिलं. वरचे पुढचे दोन दात. मला तर ते छान वाटत होते, पण बाई म्हणतायत म्हटल्यावर माझे डोळे कोण? मी मेण गरम केलं आणि ते दोन दात आत ढकलले.

"आणि चकाकी फार आहे," बाई म्हणाल्या. "इतकी चकाकी असली की खरं वाटत नाही."

"बरोबर आहे, बाई." मी शुभ्र दात काढून पिवळट छटेचे लावायचं ठरवलं.

"तुम्ही लगेच ऐकता," त्या म्हणाल्या. "बरं वाटतं. लोक वाद घालतात."

मी हवेत. पुढचे आठ दिवस मी ताईला भंडावून सोडलं, बाईंना माझं काम किती आवडतंय म्हणून. फक्त एक गोष्ट मनात डाचत होती. एवढी मोठी लेखिका, गोष्ट हातात धरून बसली आणि गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. चांगली म्हणू नका, वाईट तरी म्हणा. निदान 'त्या बाईंना सांगा' एवढं तरी. कागद मात्र पर्समध्ये घालून घेऊन गेल्या.

"वाचत असतील घरी," ताई म्हणाली.

"कसल्या वाचतायत. मोठी माणसं ती. त्यांना आपली कुठे फिकीर." मी जोरात मशीन सुरू केलं.

पुढच्या वेळी पक्की कवळी तयार होती. बाई आल्या त्याच माझे कागद घेऊन. "याच्यावरच बघू," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, म्हणजे अक्षरं सोयीची वाटली असतील. त्यांनी वाचायला घेतलं. 'संवाद साधत'पर्यंत आल्या आणि थांबल्या.

"इथे श्वास अडकतो."

मी कवळी घेतली. टाळूचा भाग जाड असेल म्हणून घासून पातळ केला. परत वाचलं, परत तिथेच.

"अजून अडकतो?"

"अडकणारच," बाई म्हणाल्या. "मधला भाग फार भरलाय. ओझं झालंय त्याचं. आणि सगळे एका उंचीचे आहेत. एक लहान, एक मोठा असं हवं. सगळेच ताठ उभे राहिले की नकली वाटतात."

किती बारीक नजर, मी म्हटलं. मी सुळे घासले, बाजूचे थोडे उतरवले. भावजी मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी कवळी उजेडात धरली. "अगं, किती पातळ केलीस ही? पहिली काय वाईट होती?"

"बाईंना अडकतंय."

"मघाशी मी पुढच्या खोलीत घालून दिली, तेव्हा माझ्याशी बोलताना काही अडकत नव्हतं."

"तुमच्याशी बोलणं निराळं आणि वाचणं निराळं," मी तोडून टाकलं. "वाचायला कान लागतो."

भावजी तसे गरीब. हसले आणि म्हणाले, "बरं बाई. फक्त मागच्या कडेला हात लावू नकोस. ती कड म्हणजे बरणीचं झाकण आहे. हवा शिरली की संपलं." हे मला सांगायची गरज नव्हती. कामाला लागले तेव्हा पहिल्या आठवड्यात मी हेच शिकले होते.

आणि तरी मी ते केलं. शेवटच्या वेळी बाई आल्या तेव्हा भावजी बाहेरगावी होते. बाईंनी या वेळी माझ्या गोष्टीचं शेवटचं पान मोठ्याने वाचलं. जागोजागी थांबत, नाराज चेहऱ्याने. मी समोर स्टुलावर, हातात रुमाल पिळत. पान संपलं.

"मागचा भाग लांबलाय," बाई म्हणाल्या. "उगाच ओढत नेलाय. शेवटी शेवटी घशाशी येतं."

मागचा भाग म्हणजे ती कड. मी म्हटलं, "बाई, तो कमी केला तर धरून राहणार नाही."

"राहील," बाई म्हणाल्या, अगदी मायेने. "भीती वाटते कापायला, माहीत आहे मला. पण कापा. कापल्यावर कळेल की कशाची गरज नव्हती."

त्यांच्या तोंडून आलेलं वाक्य ते. दुसऱ्या कोणी म्हातारीने म्हटलं असतं तर मी तिला चार शब्द ऐकवले असते, तीस-तीस वर्षं कवळी वापरणाऱ्या लोकांना मी गप्प केलंय. पण बाई म्हणाल्या, कापा. मी मागच्या खोलीत गेले, मशीन सुरू केलं आणि बरणीचं झाकण कापलं.

सत्काराच्या संध्याकाळी मी आणि ताई दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मी नवी चप्पल घातली होती, ती चावत होती. शेजारच्या अनोळखी बाईला मी न विचारता सांगून टाकलं होतं की बाईंचे दात माझ्या हातचे आहेत. तिने कौतुकाने पाहिलं, मग तिच्या नवऱ्याला सांगितलं, मग त्याने पलीकडच्याला.

बाई माईकसमोर आल्या. एक पान हातात. सभागृह असं शांत झालं की पंख्याचा आवाज यायला लागला. पहिलं वाक्य त्यांनी म्हटलं आणि माझ्या अंगावर काटा आला, इतकं ते साधं होतं. दुसऱ्या वाक्याला एक आवाज झाला. टक. बाईंनी जिभेने वर दाबलं, हे मला दिसलं, बाकी कोणाला दिसलं नसेल. पुढे वाचलं. परत टक, या वेळी माईकमुळे भिंतीपर्यंत गेला. मागून कोणीतरी हसलं. मुद्दाम नाही, आवरलं नाही म्हणून. बाईंनी आणखी अर्धं वाक्य वाचलं आणि वरची कवळी सुटून खाली आली.

त्यांनी हाताने तोंड झाकलं. पानाची घडी घातली. प्रेक्षकांना मान लववली आणि खुर्चीत जाऊन बसल्या. संयोजक धावत माईकवर आले, बाईंची प्रकृती बरी नाही म्हणाले. टाळ्या झाल्या, कोणालाही नको असलेल्या टाळ्या. शेजारची बाई माझ्याकडे वळून बघायला लागली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं, ते मला त्या खुर्चीत कळलं. मी चपला हातात घेतल्या आणि मागच्या दाराने आत गेले.

आतल्या खोलीत बाई एकट्या बसल्या होत्या. मांडीवर रुमाल, रुमालात माझी कवळी. मी माफी मागायला गेले होते. खरंच त्यासाठीच गेले होते. आणि तोंडातून काय आलं? "बाई, तुम्हीच म्हणालात ना मागचा भाग लांबलाय म्हणून."

बाईंना आधी कळलं नाही. मग त्यांनी रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड पोकळ झालं होतं, शब्द नुसते वाऱ्यासारखे येत होते, पण मला ऐकू न येण्याची सोय नव्हती.

"ते मी गोष्टीबद्दल म्हणाले," बाई म्हणाल्या.

मी उभीच.

"तुमच्या ओळखीच्या बाईंच्या गोष्टीबद्दल. पहिल्या वाक्यातले पुढचे दोन शब्द, सोनेरी आणि स्वप्नील. मधला भरलेला भाग. लांबलेला शेवट. पहिल्या दिवशी तुम्हीच ती माझ्या हातात दिलीत. मला वाटलं, त्या बाईंना यायचा संकोच असेल, म्हणून तुम्ही ऐकून पोचवताय. दातांना काय झालं होतं? दात पहिल्याच दिवशी बसले होते."

"मग मी घासत होते तेव्हा म्हणाला का नाहीत?"

"ते तुमचं काम. त्यातलं मला काय कळतं? कारागीर घासतोय म्हणजे काही कारण असेल, असं मी समजले." त्यांनी कवळीवर रुमाल दुमडला. "सगळं ऐकलंत तुम्ही. एक शब्द सोडला नाहीत. कापलंत मात्र भलतीकडे."

रागावून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मला भांडता येतं. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "त्या बाईंना काही सांगितलंत का, निदान?"

तेव्हा सांगायचं होतं. खोलीत कोणी नव्हतं, बाई समोर होत्या, त्यांचं शेवटचं पान माझ्यामुळे अर्धं राहिलं होतं. एवढ्यावर तरी माणसाने खरं बोलावं की नाही?

"सांगते," मी म्हटलं आणि तिथून सटकले.

घरी येताना ताई माझ्या पुढे चालत होती. तिला मी सगळं सांगितलं. ती रस्त्यात थांबली. "तुझ्या त्या बसस्टॉपवरच्या बयेपायी एका बाईचं तोंड बंद केलंस," ती म्हणाली. "आणि अजून म्हणतेस ओळखीची?" ताईने परत त्या गोष्टीवरून कधी थट्टा केली नाही. त्या थट्टेशिवाय दवाखाना भकास वाटायला लागला. पाकिटं आली तरी ती नुसती टेबलावर ठेवून द्यायची.

पहिल्या दिवसाचा साचा फळीवर होता. मी तो खाली काढला आणि कवळी नव्याने केली. पुढचे दोन होते तिथे, टाळू होती तशी, मागची कड पूर्ण. काम करताना बाईंची पानं मनात म्हणायची सवय होती, आता ती हिंमत होईना. नुसतं मशीन ऐकत बसले. भावजींनी बाईंना फोन केला तर त्या लिहून कळवते म्हणाल्या, आणि कार्ड आलं की आता दात कशाला, वाचायचं होतं ते होऊन गेलं. ते वाचून मला जेवण गेलं नाही.

मग मी डबी घेऊन त्यांच्या घरी गेले. ज्या दारावरून उगाच चालत जायचे त्याची बेल पहिल्यांदा दाबली. बाईंनी दार उघडलं, तोंडावर रुमाल. आत टेबल, टेबलावर चष्म्याच्या दोन जोड्या, एक पेन्सिल, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. कागदांचा ढीग असेल असं मला वाटलं होतं. तसलं काही नव्हतं. माझी गोष्ट तेवढी होती, चष्म्याखाली.

"बसा," बाई म्हणाल्या.

मी बसले नाही. "एकदा घालून बघा, बाई. नाही बसली तर मी परत कधी तोंड दाखवणार नाही."

त्यांनी पाठ फिरवून कवळी बसवली. वळल्या. "चमचा," म्हणाल्या. "चिमटा." दोन्ही च जिथल्या तिथे. मी कान देऊन ऐकत होते. "साखर. फाटक." गाल भरून आले होते, आणि फोटोतली मान परत आली होती.

"आता ते पान वाचा ना, बाई," मी म्हटलं. "सत्काराचं."

"ते नको." त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी माझे कागद ओढून घेतले. "याच्यावरच बघू."

मला पळून जावंसं वाटलं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. 'सांजसमयीच्या सोनेरी, स्वप्नील', आणि अडखळल्या. त्याच जागी. बारीक शिट्टीसुद्धा तीच. आणि माझा हात, मेला, सवयीने पिशवीत गेला. पिशवीत कानस होती. ती निम्मी बाहेर आली तेव्हा मला कळलं की मी काय करतेय. बाईंनी ती पाहिली. मी ती परत आत टाकली. अशी खजील मी त्या सभागृहातही झाले नव्हते. तिथे निदान अंधार होता.

बाई बोट त्या ओळीवर ठेवून बसून राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "कोणी लिहिलंय म्हणालात हे?"

मी खाली बघून काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"मी," मी म्हटलं. पण ते ओठांच्या आतच राहिलं.

बाईंनी चष्मा काढला. "तोंड उघड," त्या म्हणाल्या. भावजी खुर्चीतल्या माणसाला म्हणतात तसंच. "मोठं उघड. आणि मग बोल."

इतके दिवस त्या मला 'तुम्ही' म्हणत होत्या. तो एकेरी शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी तोंड उघडलं.

"मी लिहिलंय, बाई. ओळखीची बाई कोणी नाही. मीच लिहिलंय, आणि तुम्ही त्याला चांगलं म्हणावं म्हणून तुमच्या हातात दिलं, आणि तुम्ही त्याच्याबद्दल बोलत होता ते मला एकदाही कळलं नाही. तुमचं पान माझ्यामुळे राहिलं."

"हो," बाई म्हणाल्या. "राहिलं."

त्या 'असू दे' म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होते, पण नाही म्हणाल्या. टेबलावरची पेन्सिल त्यांनी माझ्यापुढे सारली.

मी खुर्ची ओढून बसले. आधी 'सोनेरी' खोडलं, मग 'स्वप्नील'. मग हात धीट झाला. संधिप्रकाश गेला, सावली गेली, शिल्पाकृती गेली. दोन रविवार गेले. उरलेल्या जागेत मी चार शब्द लिहिले आणि कागद त्यांच्याकडे फिरवला.

बाईंनी वाचलं. "ती संध्याकाळपासून उभी होती."

कुठे अडलं नाही. श्वास पुरला. मी टाळूकडे बघत होते, कडेकडे बघत होते, सगळं जागेवर होतं.

"बसले का?" मी विचारलं.

"हे बसलं," बाई म्हणाल्या. "दात आधीच बसले होते. पुढचं घे."

"पुढचं याहून वाईट आहे, बाई."

"माहीत आहे. वाचलंय मी."

आणि त्यांनी माझं दुसरं वाक्य मोठ्याने वाचायला घेतलं. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून. दात इतके नीट बसले होते की माझी एकही चूक ऐकू आल्यावाचून राहत नव्हती.